चौदा गायी आणि आपला रतीब

(मंडळाच्या गणेशोत्सवात आणंद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदा बाप्पाच्या पंचामृतासाठी रोज जे दूध, दही आणि तूप येतं आहे, ते एकाच घरून येतं. ‘त्या घराविषयी वीस मिनिटं बोला, वहिनी’ असं समितीने मला सांगितलं. मी दुधाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली असावी. पण आणंदात उभं राहून दुधावर भाषण करायचं म्हणजे कोकणात जाऊन नारळावर बोलण्यासारखंच आहे. समोरच्या निम्म्या खुर्च्यांवर दुधातलीच माणसं बसली आहेत. तेव्हा चुकलं तर थांबवा, पण वीस मिनिटांनंतर!

हे कुटुंब बोरसद तालुक्यातलं. इथून अठरा किलोमीटरवर त्यांचं शेत आहे. घरात पाच माणसं. सत्तरी ओलांडलेल्या बा, मोटाभाई, भाभी, त्यांचा मुलगा आणि सून. मी त्यांची नावं सांगत नाही, कारण ‘अमारुं नाम ना लेशो, बेन, गायोनुं काम कहेजो’ असं भाभींनी बजावलं आहे. म्हणजे आमचं नाव नको, गायींचं काम सांगा. जमीन बारा वीघे, आपल्या हिशेबाने सात एकर. गोठ्यात चौदा गीर गायी, शिवाय कालवडी, गोऱ्हे आणि वासरं. यंत्र नाही, हाताने धार काढतात. चौदांपैकी एका वेळी आठ-नऊ गायी दुधात असतात, बाकीच्या भाकड किंवा गाभण. एकूण दूध दिवसाला पंचावन्न-साठ लिटर.

आपण राहतो तो हा चरोतर. इथलं नगदी पीक म्हणजे तंबाखू. तंबाखूला हमखास पैसा आहे, म्हणून बांधाला बांध लावून तंबाखूच दिसते. या घरातही दोन पिढ्या तंबाखूच होती. २०१४ साली मोटाभाईंनी आधी निम्म्या शेतातली आणि पुढे सगळीच तंबाखू काढून टाकली. तिथे रजका, म्हणजे आपलं लसूणघास, मका, ज्वारी आणि गजराज गवत लावलं. रासायनिक खत बंद, फवारणी बंद. पहिली दोन वर्षं उत्पन्न पडलं. गावात लोक म्हणाले, घरात पैसा येत होता तो यांनी गायींना खाऊ घातला. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने इकडे येते, म्हणून त्या अंगाला शेवरीची दाट रांग लावली आहे आणि कडेच्या चार हातांतला चारा ते स्वतःच्या गायींना घालत नाहीत. हे कोणी तपासायला येत नाही, तरी घालत नाहीत.

‘सेंद्रिय’ हा शब्द आता बिस्किटाच्या पुड्यावरही असतो, म्हणून त्याचा नेमका अर्थ सांगते. आपल्या देशात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. त्यात हंगामी पिकांच्या जमिनीला रसायनमुक्त होण्यासाठी दोन वर्षांचा काळ धरला आहे. जनावराला सेंद्रिय चारा, हिंडाफिरायला जागा, आणि चाऱ्यात युरिया किंवा वाढीची औषधं नाहीत, हे मूळ सूत्र. लस मात्र चालते. आजारी जनावराला औषधही चालतं, किंबहुना द्यावंच लागतं. फक्त औषधानंतर दूध बाजूला काढण्याचा काळ नेहमीच्या दुप्पट धरायचा. दुकानातून ‘सेंद्रिय’ म्हणून माल विकायचा, तर २०१७ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार प्रमाणपत्र लागतं. लहान शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला देत असेल, तर त्यातून सूट आहे. आपलं हे कुटुंब या दुसऱ्या प्रकारातलं. म्हणजे त्यांच्या दुधाला कागदाचा आधार कमी आणि आपल्या डोळ्यांचा जास्त. म्हणूनच त्यांचा गोठा कधीही बघायला खुला असतो. आधी फोन करायचीही गरज नाही.

मी गेले तेव्हा जुन्या सवयीने आधी पेंडीची खोली पाहिली. भाभी हसल्या, म्हणाल्या, सगळे आधी गाय बघतात, तुम्ही पोती बघता! पण कारण आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. आपल्याला भीती असते युरियाची आणि कपडे धुण्याच्या पावडरीची. तशी घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. प्रतिजैविकांचे जादा अंश ७७ नमुन्यांत होते. आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के. हे विष दुधात कोणी मिसळत नाही. दमट पेंड आणि बुरशी आलेला भरडा गायीच्या पोटात गेला की ते दुधात उतरतं. उकळून जात नाही. या घरी पेंडीची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेली. पावसाळ्यात एका वेळी आठ दिवसांचीच पेंड आणतात. घाऊक घेतली तर स्वस्त पडते, तरीही. दुधाची शुद्धता गोठ्याइतकीच त्या कोंदट खोलीत ठरते, आणि त्यासाठी भाभींनी कुठली पदवी घेतलेली नाही.

आता औषधाचा एक प्रसंग. गेल्या हिवाळ्यात एका गायीला कासदाह झाला, गावाकडे आपण ‘दगडी’ म्हणतो तो. सड सुजला, डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं. त्या गायीचं नऊ लिटर दूध रोज बाजूला काढून टाकायचं, हे बारा दिवस चाललं. तेवढे दिवस आम्हा काही घरांना अर्धा लिटर दूध कमी आलं. भाभींनी बाटलीबरोबर चिठ्ठी पाठवली, गाय आजारी आहे, तिचं दूध देत नाही. ते दूध इतरांच्या दुधात मिसळलं असतं तर चवीवरून कोणालाही कळलं नसतं. गृहिणीला कधी कधी कळतं, कारण प्रतिजैविकाचे अंश असले की विरजण नीट लागत नाही. दह्याचे जिवाणूच मरतात. पण इथे कोणाचं विरजण बिघडलं नाही, कारण बारा दिवसांचं दूध मातीत गेलं.

आपल्या मराठी घरांचा एक खास हट्ट असतो, खरवसाचा. गाय व्यायल्याचं कळलं की आपल्याकडून फोन जातात, ‘चीक आहे का हो?’ गुजरातीत खरवसाला ‘बळी’ म्हणतात, तेव्हा सुरुवातीला थोडा गोंधळही झाला. बा पहिल्या दिवसाचा चीक कोणालाही देत नाहीत. वासराला जन्मतः स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, ती चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या काही तासांत, कारण नंतर आतड्यातून ती रक्तात शिरत नाही. वीस-बावीस किलोच्या वासराला पहिल्या प्रहरातच दोनेक लिटर चीक पोटात जायला हवा. हे शास्त्र मी पुस्तकात वाचलं. बांना ते कोणी शिकवलं, त्यांनाही आठवत नाही. वासराचं भागल्यावर उरला, तर तिसऱ्या दिवशी खरवस मिळतो. थोडा पातळ होतो, पण गोड लागतो.

धार काढतानाही आधी वासरू सोडतात. वासराने ढुशी दिली की गाय पान्हा सोडते. काही ठिकाणी पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचतात, इथे तो प्रश्नच येत नाही. गणपतीच्या पंधरा दिवस आधी, श्रावण वद्य चतुर्थीला, गुजरातेत ‘बोळचोथ’ असते. बायका गाय-वासराची पूजा करतात आणि गायीचं दूध घेत नाहीत. आपली वसुबारस ती हीच, फक्त आश्विनातली. त्या दिवशी या घरी धार काढत नाहीत. सगळं दूध वासरांचं. आपल्याला आदल्या दिवशी निरोप येतो, ‘काले दूध नहीं आवे.’

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी या दुधाचं कौतुक करते आहे, जाहिरात नव्हे. देशी गायीच्या दुधाने मधुमेह बरा होतो, बुद्धी वाढते, असं काही मी सांगणार नाही, आणि ते कुटुंबही सांगत नाही. ए-वन, ए-टू यावरून मोठे दावे केले जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी पिशव्यांवरचे असे दावे काढायला सांगितलं आणि पाच दिवसांत तो आदेश मागेही घेतला. यावरून काय समजायचं ते समजा. मी या दुधाचं फॅट मोजलं आहे, साडेचारच्या आसपास भरतं. तूप पिवळं धमक दिसतं, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन गायीच्या दुधात तसंच उतरतं. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. दोन्ही चांगलं. आणि हे दूधही उकळूनच प्यायचं. सेंद्रिय म्हणून कच्चं प्यायलं तर सेंद्रिय रोगजंतू पोटात जातील, एवढाच फरक!

मग या दुधात विशेष काय? विशेष आहे ते त्यामागचे कष्ट आणि सचोटी. आणि ती किती काळ टिकेल हा प्रश्न आहे. भाभींनी मला त्यांची हिशेबाची वही दाखवली आणि त्यातलं सांगायची परवानगी दिली.

सरासरी धरा दिवसाला ५६ लिटर. त्यांतलं ४५ लिटर आपल्यासारख्या घरांत जातं, ८० रुपये दराने. त्याचे झाले ३,६००. उरलेलं ११ लिटर गावच्या दूध मंडळीत, फॅटप्रमाणे. त्याचे साधारण ५०० धरा. एकूण ४,१००. आता खर्च. चारा, पेंड, भरडा मिळून २,३००, कारण भाकड गायही रोज खाते, गोऱ्हाही खातो. गिऱ्हाइकाला फक्त दुधाची गाय दिसते. बाटल्या, पेट्रोल, वीज मिळून ५००. डॉक्टर, विमा, डागडुजी ३००. खर्च ३,१००. शिल्लक हजार रुपये. माणसं पाच, वेळ पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंत. माणशी दोनशे रुपये रोज. ८० रुपये लिटर दूध महाग वाटतं ना? ते विकणारं घर मजुरीच्या खाली काम करतं आहे.

आणि आता आपला भाग येतो. मे महिन्यात आपली कॉलनी ओस पडते. कोणी सांगलीला, कोणी नागपूरला, कोणी कोकणात. पंधरा-वीस घरं एकदम ‘महिनाभर बंद’ म्हणून निरोप देतात, तोही आदल्या संध्याकाळी. दिवसाचं वीस लिटर दूध मग मंडळीत जातं. लिटरमागे ३५ रुपये कमी मिळतात. वीस गुणिले पस्तीस, सातशे. म्हणजे हजाराचे राहिले तीनशे. गायींना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

२०२२ साली तर याहून कठीण वेळ आली. गुजरातेत लंपी रोग पसरला. कच्छ-सौराष्ट्रात फार जनावरं गेली. या घरी सगळ्यांना लस दिलेली होती, तरी एका कालवडीच्या अंगावर गाठी आल्या. पुढे ती बरीही झाली. पण बातमी कॉलनीत पोचली आणि आठवड्यात निम्मी घरं गळाली. हा रोग माणसाला होत नाही, हे तेव्हाही जाहीर झालेलं होतं. भीतीपुढे कोण ऐकतो? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ते तीन महिने हे घर उभं राहिलं, कारण गावच्या मंडळीने दोन्ही वेळचं सगळं दूध घेतलं.

इथे मला थोडं मागे जायचं आहे, कारण आपण ज्या गावात राहतो त्याची पुण्याई यात आहे. १९४५ मध्ये आणंदचं दूध थेट मुंबईला जाऊ लागलं. मुंबईत दुधाला भाव होता. इथल्या शेतकऱ्याला मात्र पोल्सन डेअरीचे दलाल देतील तेवढंच मिळे, कारण दूध नासतं, थांबत नाही. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच दिलं नाही. त्यातून १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा दूध संघ उभा राहिला. सुरुवात दोन गावच्या मंडळ्यांनी, दिवसाला २५० लिटरच्या आत-बाहेर. १९४९ मध्ये केरळातले डॉ. कुरियन इथे आले, आपल्यासारखेच बाहेरून, नोकरीपुरते, आणि इथलेच झाले. या सगळ्याचं सार मला एका वाक्यात दिसतं: तू सकाळ-संध्याकाळ जितकं दूध आणशील, तितकं आम्ही घेऊ. शेतकऱ्याला भावाइतकीच ही खात्री हवी होती. आज लहानसं कुटुंब सेंद्रिय गोठ्याचा धोका पत्करू शकतं, तेही पाठीशी मंडळी आहे म्हणूनच. सहकार एकीकडे आणि घरगुती गोठा दुसरीकडे, असं भांडण लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गुजरातीत मंडळी म्हणजे सहकारी संस्था, आपल्याकडे मंडळी म्हणजे घरची माणसं. हे दोन्ही अर्थ एकत्र आणता आले तर मला हवंच आहे. मंडळीने शेतकऱ्याला दिली तशी खात्री आपण या एका घराला देऊ शकतो का? कारण वेळ फार नाही. मुलगा पदविकाधारक आहे. पहाटे बाटल्या पोचवतो आणि नऊ वाजता विठ्ठल उद्योगनगरात नोकरीला जातो. गेल्या दिवाळीत त्याने वडिलांना सांगितलं, अजून दोन वर्षं बघू. त्यानंतर एक तर तो नोकरी सोडून गोठ्यात येईल, नाही तर गायी विकून पुन्हा तंबाखू लागेल. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. सुनेला माहेरी चार दिवस जायचं असेल तर बदली माणूस लागतो, आणि हजारात तो बसत नाही.

म्हणून समितीच्या संमतीने चार साध्या गोष्टी सुचवते. भाव कमी-जास्त करण्याचा विषयच यात नाही.

पहिली. गावाला जाणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगा, आणि जमल्यास आपला रतीब तेवढ्या दिवसांपुरता शेजाऱ्याला लावून जा. आणंदात नव्याने आलेल्या कुटुंबांची यादी मंडळाकडे असतेच.

दुसरी. मे महिन्याच्या दुधाचं तूप करायला सांगा. साधारण पंचवीस लिटर दुधाचं एक किलो तूप होतं. ८० च्या हिशेबाने नुसत्या दुधाचेच दोन हजार झाले. कोणी सहाशे रुपयांत गीर गायीचं शुद्ध तूप देत असेल, तर त्याला फक्त हा गुणाकार विचारा. जाण्याआधी एक किलो तूप नोंदवून गेलात, तर वीस घरांचं मिळून पाचशे लिटर दूध मंडळीच्या दरात जाण्यापासून वाचेल, आणि दिवाळीची चिवड्याची फोडणी आपल्या घरी चांगली बसेल ती वेगळीच.

तिसरी. पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्या. पेंड रोखीने घ्यावी लागते. आणि बाटल्या विसळून परत करा. दोनशे बाटल्या आपल्या माळ्यांवर लोणच्याला लागल्या आहेत, हे मी स्वतः काही घरी पाहिलं आहे. नावं इथेही घेत नाही!

चौथी. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मंडळाची बस बोरसदला जाणार आहे. मुलांना न्या. वासराच्या तोंडातून बोटं काढून बघू द्या, शेणात पाय भरू द्या. घरामागे बायोगॅस आहे, त्यावर बा चहा करतात, आणि त्याची स्लरी शेतात जाते. शेण, गॅस, खत, चारा, दूध हे सगळं एकाच अंगणात फिरताना दिसेल. आपल्याच जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने घरोघर बायोगॅस बसवून हेच मोठ्या प्रमाणावर केलं आहे. पण मुलांना एका घरी बघितलेलं जास्त लक्षात राहतं. प्रश्न विचारा, पेंडीची खोली उघडायला सांगा. त्यांना राग येणार नाही. प्रमाणपत्राच्या जागी आपणच आहोत.

आपण पोटापाण्यासाठी इथे आलो. या मातीने नोकरी दिली, भाषा शिकवली, मुलांची शिक्षणं केली. अठरा किलोमीटरवरचं एक घर पहाटे चारला उठून आपल्या देवाच्या पंचामृतासाठी धार काढतं, आणि आपल्याकडे मागतं ते इतकंच, की उद्याही दूध घ्याल ना? या प्रश्नाचं उत्तर आज नाव नोंदवूनच द्यावं, ही विनंती. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.

वेळेचं बंधन पाळलं असावं. 

गणपती बाप्पा मोरया!